टोपीकरांमागचा राजा : आज्ञापत्रातील साहुकार-प्रकरण आणि राजसत्तेच्या पाठबळावरील पुनर्निर्यात व्यापार

प्रास्ताविक

रामचंद्रपंत अमात्य बावडेकर यांच्या नावाने ओळखले जाणारे 'आज्ञापत्र' हा मराठी राजनीतिविषयक वाङ्मयातील अग्रगण्य ग्रंथ होय. त्याची मांडणी कोल्हापूरच्या संभाजी छत्रपतींच्या आज्ञेच्या रूपात असून रचना शके १६३७ म्हणजे इ.स. १७१५ मधील मानली जाते. कर्तृत्व परंपरेने अमात्यांकडे दिले जाते. श्री. ना. बनहट्टी यांच्या संपादनामुळे हा ग्रंथ महाविद्यालयीन अभ्यासक्रमापर्यंत पोहोचला आणि एस. व्ही. पुणतांबेकर यांच्या इंग्रजी भाषांतरामुळे मराठी न जाणणाऱ्या अभ्यासकांनाही तो परिचित झाला. दुर्ग आणि वतन या विषयांवरील प्रकरणांची चर्चा पुष्कळ झालेली आहे. त्या मानाने साहुकारांविषयीचे प्रकरण उपेक्षित राहिले. ज्यांनी त्याची दखल घेतली त्यांनी बहुधा त्यातील टोपीकरांविषयीचा उत्तरार्ध तेवढा उचलला आणि इंग्रजी राज्याचे आगाऊ वर्तवलेले भविष्य म्हणून तो सांगितला. व्याख्यानांतून तर हे प्रकरण परदेशी मालावरील बहिष्काराचे आद्य प्रतिपादन म्हणूनही मांडले जाते.

हे दोन्ही अर्थ मूळ संहितेला न्याय देणारे नाहीत. अमात्यांचा आक्षेप परदेशी मालाला नव्हता आणि परदेशी व्यापाऱ्यालाही नव्हता. व्यापारी कोणाचा, त्याचा धनी कोण, हा त्यांच्यापुढील खरा प्रश्न होता. आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर हा प्रश्न राज्याच्या मालकीच्या अथवा राज्याने विशेषाधिकार दिलेल्या व्यापारी कंपन्यांचा आहे, आणि तोही पुनर्निर्यात व्यापाराच्या संदर्भातील. एका देशातून आणलेला माल बंदरात उतरवावयाचा, वखारीत साठवावयाचा आणि पुन्हा तिसऱ्याच देशाकडे रवाना करावयाचा, या व्यापाराला अर्थशास्त्रात पुनर्निर्यात व्यापार असे म्हणतात. कोकण किनाऱ्यावर असा व्यापार करणाऱ्या राजसत्तांचा अनुभव अमात्यांच्या गाठी होता. त्या अनुभवातून त्यांनी काय पाहिले आणि काय त्यांच्या नजरेतून निसटले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

साहुकार : आज्ञापत्राची भूमिका

प्रकरणाचा आरंभ साहुकारांच्या गौरवाने होतो. राज्याला शोभा येते ती त्यांच्यामुळे, वस्ती वाढते ती त्यांच्यामुळे, आणि जी वस्तू आपल्या मुलखात पिकत नाही ती परदेशातून येते तीही त्यांच्यामुळेच, असा अमात्यांचा अभिप्राय आहे. राज्यावर संकट आले असता लागेल ते कर्ज त्यांच्याकडून मिळते. म्हणून त्यांचे रक्षण करावे, त्यांचा अपमान होऊ देऊ नये, बाजारपेठा वसवून त्यांत त्यांना दुकाने आणि वखारी घालू द्याव्यात, परमुलखातील साहुकारही आपल्याकडे आणून वसवावेत, असे सांगितले आहे. आरमाराच्या प्रकरणात हाच धागा पुढे येतो. सागरी सत्तेचा उपयोग व्यापारी गलबते लुटण्यासाठी करू नये, परक्या मुलखाच्या परंतु शत्रूच्या नसलेल्या व्यापाऱ्याला दिलासा देऊन बंदरात आणावे, रीतीची जकात घ्यावी आणि त्याच्या खुशीने जाऊ द्यावे, असा त्या सूचनांचा आशय आहे.

अशा सूचना करणाऱ्या ग्रंथकाराला परदेशी व्यापाराचा विरोधक म्हणणे कठीण आहे. उलट, बंदरांवर माल यावा, साठावा आणि पुढे जावा, ही त्याची इच्छा स्पष्ट आहे. कोकणच्या बंदरांचे जीवन या येण्याजाण्यावरच चालले होते. दाभोळ हे बहमनी आणि पुढे आदिलशाही मुलखाचे दार होते. राजापुरास घाटमाथ्यावरून मिरी आणि कापड उतरे आणि अरबस्तान व इराणच्या बाजूने आलेला माल अणस्कुऱ्याच्या घाटाने वर चढे. चौलची गोष्ट याहून फार वेगळी नव्हती. शिवाजी महाराजांची स्वतःची गलबते मोख्याकडे आणि इराणच्या आखाताकडे जात असल्याचे उल्लेख इंग्रजांच्या पत्रव्यवहारात आहेत. १६७१ मध्ये कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना पाठविलेल्या पत्रात बारदेशच्या स्वस्त मिठामुळे संगमेश्वरचे मीठ पडून राहते, यास्तव बारदेशच्या मिठावरील जकात वाढवावी, असा हुकूम आहे. जकात ही केवळ उत्पन्नाची बाब नसून व्यापाराचा ओघ वळविण्याचे साधन आहे, ही जाण त्या पत्रात दिसते. अमात्य या परंपरेत वाढलेले होते. राजाराम महाराज जिंजीस असताना त्यांनी हुकुमतपनाह म्हणून महाराष्ट्राचा कारभार चालविला होता. त्या काळात पैशाची निकड काय असते आणि साहुकाराचा शब्द किती मोलाचा असतो, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

टोपीकर कोणाचे?

यानंतर प्रकरणाचा सूर बदलतो. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरांसीस आदी टोपीकरही साहुकारीच करतात. परंतु त्यांना इतर साहुकारांच्या मापाने मोजू नये, कारण त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या मागे एकेक राजा आहे आणि त्याच्या हुकमाने ते या प्रांतांत व्यापारास येतात, अशी मांडणी अमात्य करतात. ज्यांच्यामागे राज्य आहे त्यांना मुलखाचा लोभ नसणे शक्य नाही. ते हट्टी आहेत, हाती आलेली जागा ते मेल्याशिवाय सोडीत नाहीत. म्हणून त्यांच्याशी व्यवहार येण्याजाण्यापुरताच ठेवावा.

येथे एक प्रश्न विचारणे आवश्यक आहे. टोपीकरांमागे राजा आहे हे विधान वस्तुस्थितीशी कितपत जुळते? त्याचे उत्तर प्रत्येक टोपीकरासाठी वेगळे आहे.

पोर्तुगीजांच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे. मिरीचा व्यापार हा लिस्बनच्या राजाचा मक्ता होता आणि तो 'काझा दा इंडिया' या राजाच्याच कचेरीमार्फत चाले. गोवा १५१० मध्ये आणि होर्मुझ १५१५ मध्ये ताब्यात आल्यावर इराणी आणि अरबी घोड्यांचा व्यापार गोव्याकडे वळविण्यात आला. घोडे गोव्यात उतरत आणि तेथून विजयनगर व विजापूर या परस्परांच्या वैऱ्यांना विकले जात. त्यांवरील जकात हे गोव्याच्या तिजोरीचे मोठे उत्पन्न होते. पुनर्निर्यात व्यापारावर पोसलेल्या राजसत्तेचे कोकण किनाऱ्यावरील याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही. समुद्रात जाणाऱ्या प्रत्येक जहाजाने 'कार्ताझ' हा परवाना घ्यावा, ही सक्ती याच व्यवस्थेचा भाग होती. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी गोव्याच्या दप्तरातून उजेडात आणलेल्या साधनांमुळे मराठी सत्तेशी या व्यवस्थेचा आलेला संबंध अभ्यासकांपुढे आला. येथे एक बारकावा नोंदवावयास हवा. पोर्तुगीज राजाने १६२८ मध्ये डच आणि इंग्रजांच्या धर्तीवर एक व्यापारी कंपनी उभारून पाहिली. खाजगी भांडवल तिच्याकडे फारसे फिरकले नाही आणि १६३३ मध्ये ती गुंडाळावी लागली. राजाच मालक असलेल्या दुकानात इतरांनी पैसा घालण्याचे कारण नव्हते.

फ्रेंचांची कंपनी १६६४ मध्ये कोलबेर या मंत्र्याने काढली. भांडवलाचा मोठा वाटा राजाचा होता, आणि दरबारी मंडळींनी तिचे भाग घ्यावेत यासाठी त्यांच्यावर दडपण आणले गेले. तिला नावापुरती कंपनी आणि व्यवहारात सरकारी खाते म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. सुरतेस तिची वखार १६६८ मध्ये आली आणि शिवकाळातच राजापुरासही आली.

डचांची गोष्ट निराळी. त्यांची कंपनी १६०२ पासून भागधारकांच्या पैशावर चालली. तह करणे, किल्ले बांधणे, युद्ध पुकारणे हे अधिकार मात्र तिला नेदरलँड्सच्या सार्वभौम सभेने सनदेने दिले होते. आशियातील एका बंदराचा माल आशियातीलच दुसऱ्या बंदरात विकणे हा तिच्या व्यापाराचा कणा होता. जपानचे तांबे आणि मोलुक्कस बेटांचे मसाले बटाव्हियामार्गे हिंदुस्थानात येत आणि येथील कापड तिकडे जाई. वेंगुर्ल्यास तिने १६३७ मध्ये वखार घातली, ती व्यापारासाठी होती तशीच गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या गलबतांना आधार म्हणूनही होती. एकाच इमारतीत दुकान आणि छावणी नांदत होती. अमात्यांच्या म्हणण्याचा पुरावा शोधण्यास कोल्हापूरच्या कारभाऱ्यांना फार दूर जावे लागले नसते.

इंग्रजांच्या बाबतीत अमात्यांचे विधान सर्वात कमी खरे आणि परिणामाच्या दृष्टीने सर्वात जास्त खरे ठरते. लंडनची कंपनी खाजगी भागधारकांची होती. राणीने तिला १६०० मध्ये सनद दिली आणि राजाने १६६८ मध्ये मुंबई बेट वर्षाला दहा पौंडांच्या खंडाने तिच्या हवाली केले. तिच्यामागे राजा होता तो सनदेच्या रूपाने. परंतु अमात्य लिहीत होते त्या काळापर्यंत हे नाते उलटेही झाले होते. १६९८ मध्ये नव्या इंग्रज कंपनीने सरकारला वीस लाख पौंड कर्ज देऊन सनद मिळविली. दोन्ही कंपन्यांचे एकीकरण होताना १७०८ मध्ये आणखी बारा लाखांचे कर्ज दिले गेले. म्हणजे ३२ लाख पौंडांपुरते इंग्लंडचे सरकारच कंपनीचे ऋणको होते. राजा कंपनीच्या मागे उभा होता आणि कंपनीची थैली राजाच्या मागे.

हा तपशील आज्ञापत्राच्या समीक्षेत महत्त्वाचा आहे. संकटकाळी राज्याला कर्ज देतो तो साहुकार, आणि ज्याच्यामागे राजा आहे तो टोपीकर, असे दोन वर्ग अमात्यांनी केले. लंडनमध्ये मात्र कर्ज देणारा साहुकार आणि राजाच्या हुकमाने येणारा टोपीकर या दोन व्यक्ती नव्हत्या. संकटात सापडलेल्या राजाला ज्या सावकारांनी पैसा दिला, त्यांनीच त्याच्या बदल्यात परदेशी व्यापाराचा मक्ता लिहून घेतला होता. अमात्यांनी ज्या साहुकाराचे गुणगान केले तोच, थोडी अधिक किंमत वसूल करून, त्यांच्या किनाऱ्यावर टोपी घालून उभा होता. ही गोष्ट त्यांना दिसली नाही. दिसण्यास साधन नव्हते हे खरे. तथापि मराठी राज्यात साहुकाराचे कर्ज सनदेत का रूपांतरित झाले नाही, त्याला वतन, मान आणि व्याज यांपलीकडे काही का मिळाले नाही, हा प्रश्न आज्ञापत्राच्या कक्षेत येऊ शकला असता, तो आलेला नाही.

मालकी की विशेषाधिकार

आधुनिक काळात राजकीय व्यापारसंस्थांची व्याख्या करताना हाच पेच उद्भवला. १९४७ च्या गॅट करारातील सतराव्या कलमात राज्याच्या व्यापारी उपक्रमांचा विचार केलेला आहे. त्यात केवळ राज्याच्या मालकीचे उपक्रम येत नाहीत. ज्यांना राज्याने औपचारिक रीत्या वा प्रत्यक्षात खास अथवा एकमेव अधिकार बहाल केले आहेत असे खाजगी उपक्रमही त्यात येतात. भांडवल कोणाचे यापेक्षा अधिकार कोणी दिला, हा निकष निर्णायक मानला गेला. या निकषावर पोर्तुगीज राजाची कचेरी, कोलबेरची कंपनी, वलंदेजांची कंपनी आणि इंग्रजांची कंपनी एकाच रांगेत बसतात. अमात्यांनीही त्यांना एकाच रांगेत बसविले होते. भागभांडवलाचा हिशेब त्यांना माहीत नव्हता, पण वर्गीकरण चुकले नाही. आज्ञापत्राचे मोठेपण भविष्यकथनात शोधण्यापेक्षा या वर्गीकरणात शोधणे अधिक योग्य होईल.

त्यांच्यापुढे याचा पुरावाही होता. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला असता राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफ आणि गोळे घेऊन तेथे गेला आणि इंग्रजांचे निशाण लावून किल्ल्यावर मारा करण्यात आला. वखारवाल्याने दारूगोळा विकणे हा व्यापार म्हणता येईल. निशाण लावून तो स्वतः डागणे याला व्यापार म्हणता येत नाही. १६६१ मध्ये राजापूरची वखार लुटली गेली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रज कैदेत पडले. पुढे नुकसानभरपाईची बोलणी वर्षानुवर्षे चालली आणि १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला तेव्हाही तो विषय निघालाच. त्या वेळच्या तहात इंग्रजांना अडीच टक्के जकातीवर व्यापाराची मोकळीक मिळाली. ज्याने गोळे डागले त्यालाच पुन्हा बंदर मोकळे करून देण्यात आले, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. माल हवा होता. देशी साहुकार चुकला तर त्याला दंड करता येतो, त्याचे घर, कुटुंब, पेठेतील दुकान राज्यातच असते. टोपीकराला कैद केले तर सुरतेहून पत्र येते आणि मागोमाग जहाज. अमात्यांनी केलेल्या भेदाचे व्यावहारिक मूळ येथे आहे.

माल आणि जागा

उपाय म्हणून आज्ञापत्र जे सांगते ते बारकाईने वाचण्यासारखे आहे. टोपीकरांना व्यापार करू द्यावा, पण वखारीस जागा देऊ नये; जंजिऱ्यांच्या जवळ त्यांचा वावर नसावा; जागा द्यावीच लागली तर ती खाडीच्या तोंडाशी वा समुद्रकाठी न देता चार-आठ कोस आत, वस्तीला लागून, सखल ठिकाणी द्यावी; पक्की इमारत बांधू देऊ नये. राजापूरच्या फ्रेंच वखारीचा दाखला या संदर्भात येतो. वखार पाण्याजवळ असली की तिचा किल्ला होण्यास वेळ लागत नाही, हे यामागील तर्कशास्त्र आहे. माल आणि जागा यांत इतका स्वच्छ भेद त्या काळच्या दुसऱ्या मराठी लेखनात आढळणे कठीण आहे.

परंतु पुनर्निर्यात व्यापाराच्या दृष्टीने पाहिले असता याच उपायात एक अंतर्विरोध आहे. या व्यापाराचे सारे मोल साठवणुकीत असते. माल उतरला, ताबडतोब विकला आणि जहाज परतले, एवढ्याने बंदर मोठे होत नाही. भाव चढेपर्यंत माल ठेवण्यास पक्की वखार लागते, तोवर पैसा पुरविणारा सावकार लागतो, आणि पुढच्या बंदराकडे निघालेले जहाज धक्क्याशी असावे लागते. चार-आठ कोस आत, कच्च्या इमारतीत, खोलगट जागी ही व्यवस्था कशी व्हावी? टोपीकरांना ती करू द्यावयाची नसेल तर कोणीतरी दुसऱ्याने केली पाहिजे. देशी साहुकाराने करावी असे अमात्य सुचवितात, आणि परमुलखातील साहुकार आणून वसविण्याचा सल्ला याच दिशेचा आहे. मात्र राज्याने स्वतः ती करावी, राज्याच्या मालकीच्या गलबतांनी केवळ पहारा न करता मालही वाहावा, हा विचार ग्रंथात पुढे येत नाही. शिवकाळात राज्याची गलबते मोख्याला जात होती हे लक्षात घेता ही उणीव खटकते.

तिचे कारण तत्कालीन परिस्थितीत असावे. कान्होजी आंग्रे १७१४ मध्ये बाळाजी विश्वनाथाशी समेट करून शाहू महाराजांच्या पक्षास मिळाले होते. कोल्हापूरच्या वाट्याला सिंधुदुर्ग आणि आसपासचा किनारा राहिला. आरमाराचा मुख्य भाग गेला. अशा राज्याचा कारभारी समुद्रातून येणाऱ्या मालावर जकात बसविण्याची भाषा बोलेल, माल स्वतः आणण्याची बोलणार नाही. इकडे आंग्र्यांनी स्वतःची दस्तके देऊन पोर्तुगीजांच्या कार्ताझलाच उत्तर दिले होते. तेही नाक्यावर बसून घेतलेले शुल्कच होते. मराठी सागरी सत्तेची दोन्ही अंगे या एका मर्यादेत अडकलेली दिसतात. मुंबईत त्याच सुमारास काय चालले होते? १७१५ च्या अखेरीस गव्हर्नर झालेल्या चार्ल्स बूनच्या कारकिर्दीत मुंबईच्या किल्ल्याचा तट पुरा झाला. गुजरातचे वाणी, पारशी, आर्मेनियन व्यापारी तेथे येऊन वसावेत हे धोरण त्याच्या चाळीस-पन्नास वर्षे आधी जेराल्ड ऑन्जिअरने सुरू केलेच होते. परक्या साहुकारांना आणून वसवावे, त्यांना अभय द्यावे, हा आज्ञापत्रातील सल्ला अधिक काटेकोरपणे पाळला गेला तो टोपीकरांच्या बेटावर.

नाक्यावर बसून शुल्क घेणारे राज्य आणि स्वतः व्यापार करणारे राज्य यांतील फरक स्वतंत्र भारतातही पुसला गेला नाही. स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन १९५६ मध्ये स्थापन झाली, तिच्यातून खनिजे व धातूंचा व्यापार वेगळा काढून १९६३ मध्ये एमएमटीसी निर्माण करण्यात आली. कित्येक वस्तूंची आयात-निर्यात या कंपन्यांमार्फतच झाली पाहिजे असा नियम असल्यामुळे त्यांच्या उलाढालीचे आकडे मोठे दिसत. तथापि त्यांतील बराच भाग मक्त्याच्या दलालीचा होता. सोने आयात करून ते दागिने घडवून निर्यात करणाऱ्यांना पुरविणे, हे एमएमटीसीचे काम पुनर्निर्यात व्यापाराच्या सर्वात जवळ जाणारे. तेथेही जोखीम घेणारे आणि माल घडविणारे हात बहुधा दुसऱ्यांचेच होते. १९९१ नंतर मक्ते एकेक करून निघून गेले, तसा या कंपन्यांचा पाया खचत गेला आणि स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनचा प्रत्यक्ष व्यापार तर अलीकडच्या वर्षांत थांबलेला आहे. सरकारी मालकी होती, विशेषाधिकारही होता. वखार, जहाज आणि सावकारी यांची जुळणी मात्र फारशी झाली नाही. आज्ञापत्रातील उणीव ऐतिहासिक कुतूहलापुरती नाही ती यामुळे.

पुणे : जागेचा प्रश्न पुन्हा

अमात्यांचे निधन १७१६ मध्ये झाले. त्यांच्या ग्रंथाचा प्रत्यक्ष प्रभाव पुण्याच्या कारभारावर पडला की नाही याची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. प्रश्न मात्र पुण्यापर्यंत येऊन पोहोचला. पेशव्यांच्या काळात पुण्यात पेठा वसल्या, वसाहत करणाऱ्यांना काही वर्षे करमाफी मिळाली, शेटे-महाजनांकडे पेठांची व्यवस्था गेली. साहुकारांना वसवावे हा भाग पार पडला. समुद्राकडील बाजू मात्र वेगळ्याच रीतीने ठरत गेली. वसईच्या विजयानंतर जुलै १७३९ मध्ये चिमाजी आप्पा आणि कॅप्टन इंचबर्ड यांच्यात तह होऊन इंग्रजांना मराठी मुलखात व्यापाराची मोकळीक मिळाली. पोर्तुगीजांकडून उत्तर कोकण घेणाऱ्या सत्तेने त्याच वर्षी मुंबईच्या पुनर्निर्यात व्यापाराला घाटमाथ्याची बाजारपेठ खुली केली. पनवेल आणि बोरघाटाच्या वाटेने मुंबईचा माल पुण्यास येऊ लागला, त्याची मुळे या तहात आहेत.

१७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच गृहस्थ चौलला जहाजातून उतरला. जहाजावर विक्रीचा माल होता आणि त्याच्याजवळ फ्रान्सच्या राजाचा वकील असल्याचा दावा होता. नाना फडणिसांनी पुण्यात त्याचे स्वागत केले. चौल बंदर फ्रेंचांना देण्याची बोलणी चालली आहेत, या बातमीने मुंबईकर इंग्रज अस्वस्थ झाले, आणि मराठ्यांशी त्यांचे युद्ध पेटण्यास जी कारणे झाली त्यांत ही बातमीही होती. फ्रेंच कंपनीचा मक्ता १७६९ मध्येच स्थगित झाला होता. म्हणजे चौलला आलेला मनुष्य कोणत्याही कंपनीचा नोकर नव्हता. कंपनी गेली होती, माल आणि राजाचे नाव उरले होते, आणि मागणी पुन्हा समुद्रकाठच्या जागेचीच होती. नानांनी ही मागणी इंग्रजांना धाक दाखविण्यासाठी वापरली असे मानण्यास जागा आहे. आज्ञापत्राच्या भाषेत बोलावयाचे तर एका टोपीकराविरुद्ध दुसऱ्याला उभे करण्याचा हा डाव होता. आणि अमात्यांच्या मूळ सल्ल्यात त्याला स्थान नाही, कारण त्यांच्या दृष्टीने सर्व टोपीकर एकाच जातीचे होते.

युद्ध १७८२ मध्ये सालबाईच्या तहाने संपले. त्या तहात एक कलम असे आहे की पोर्तुगीजांखेरीज दुसऱ्या कोणत्याही युरोपीय राष्ट्राला पेशव्यांनी आपल्या मुलखात वखार घालू देऊ नये. इंग्रजांच्या व्यापारी सवलती मात्र कायम राहिल्या. टोपीकरांना वखारीस जागा देऊ नये, हे अमात्यांनी कोल्हापूरच्या गादीसाठी लिहिलेले तत्त्व ६७ वर्षांनी पुणे दरबाराने लेखी मान्य केले; कलमाचा मसुदा इंग्रजांचा होता आणि त्यातून वगळलेला टोपीकर तेच होते. पुढे चार वर्षांनी चार्ल्स मॅलेट कंपनीचा वकील म्हणून पुण्यास आला आणि मुळा-मुठेच्या संगमावर त्याला राहण्यास जागा देण्यात आली. ती समुद्रापासून चार-आठ कोसांहून पुष्कळ दूर होती, सखल होती आणि वस्तीला लागून होती.